गाडी शिकताना डावीकडे कोणाला बसवावं?

गाडी शिकणं म्हणजे क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर शिकणं, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. ही तीन पेडलं पंधरा दिवसांत पायात बसतात. खरी अडचण डावीकडच्या सीटवर बसलेली असते आणि ती बोलत असते. म्हणून नवशिक्यांसाठीच्या या सूचनांमध्ये आधी कागदपत्रं, मग डावी सीट आणि जागा उरलीच तर गाडी, असा क्रम ठेवला आहे.

वयाची १८ वर्षं पूर्ण झाली की लर्निंग लायसनचा अर्ज करता येतो. त्यासाठीची परीक्षा महाराष्ट्रात २०२१ पासून आधार क्रमांकावर घरबसल्याही देता येते. साठ टक्के उत्तरं बरोबर आली की पास. सराव करताना मात्र तीस वर्षं गाडी चालवणाऱ्या काकांना चिन्हांचे अर्थ विचारू नका. टोक खाली केलेला, लाल कडेचा त्रिकोण म्हणजे 'रस्ता द्या', हे काकांना तुमच्याच तोंडून पहिल्यांदा कळतं. मग ते म्हणतात, ''असलं चिन्ह आपल्याकडे नसतंच.'' रस्ता देण्याची पद्धतच नसल्यामुळे त्यांचं निरीक्षण अगदीच खोटं म्हणता येत नाही.

सोबत फॉर्म १ भरायचा असतो. हे आपल्या तब्येतीचं आपणच दिलेलं प्रमाणपत्र. २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, लाल आणि हिरवा रंग वेगळे ओळखता येतात का, असे प्रश्न त्यात आहेत. लाल ओळखल्यावर थांबता का, हा प्रश्न नाही. चाळिशी उलटली असेल तर डॉक्टरांची सही असलेला फॉर्म १-ए लागतो.

मग 'एल'. नियमाप्रमाणे पाटी १८ सेंटिमीटर चौरस, पांढऱ्यावर लाल अक्षर, अक्षराची उंची किमान १० सेंटिमीटर, आणि पाटी पुढेही हवी, मागेही हवी. प्रत्यक्षात कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून एक कागद काढून आणतात आणि तो मागच्या काचेला चिकटपट्टीने लावतात. पहिल्या पावसात रंग ओघळतो. सिग्नलला स्कूटरवाला तुमच्या बंपरला टेकून उभा राहतो, याचा अर्थ त्याने 'एल' पाहिला नाही असा नाही. त्याला ते गाडीमालकाच्या आडनावाचं आद्याक्षर वाटतं.

आता डावी सीट. 'एल' लावून गाडी चालवताना शेजारी लायसन असलेला माणूस हवा आणि गरज पडली तर त्याला गाडी ताब्यात घेता किंवा थांबवता आली पाहिजे, असं नियम सांगतो. हा माणूस निवडणं हा शिक्षणाचा सर्वांत मोठा भाग आहे.

पहिली आणि सर्वांत सुरक्षित निवड म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे सर. त्यांच्या गाडीत डावीकडेही क्लच आणि ब्रेक असतो. किमान २१ दिवसांचा अभ्यासक्रम आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १० तास, अशी नियमात तरतूद आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुमच्या मनात विचार येतो की आपल्याला हे उपजतच येत होतं. गाडी आचके देत नाही, बंद पडत नाही, गिअर लोण्यासारखा पडतो. सर फोनवर कोणाशी तरी प्लॉटच्या भावाबद्दल बोलत असतात आणि मधेच ''रेस द्या मॅडम, रेस द्या'' म्हणतात. अशा वेळी त्यांना नम्रपणे मांडी घालून बसायची विनंती करा. पुढच्या चौकात गाडी बंद पडली, तर आजवर गाडी ते चालवत होते.

दुसरी निवड वडील. घरच्या गाडीत डावीकडे ब्रेक नसतो, पण ही गोष्ट वडिलांच्या पायाला कोणी सांगितलेली नसते. समोर रिक्षा आली की त्यांचा उजवा पाय मॅटवर जोरात दाबला जातो. गाडी थांबत नाही म्हणून ते आणखी जोरात दाबतात. त्यांचा डावा हात दारावरच्या कडीला असतो आणि उजवा डॅशबोर्डला. नियमाला अपेक्षित असलेली, गाडी थांबवू शकणारी एकच वस्तू त्यांच्या आवाक्यात असते. ती म्हणजे दोन सीटांमधला हँडब्रेक, आणि त्याला त्यांचा कुठलाच हात लागलेला नसतो. वडिलांच्या सूचना मोजक्या असतात, पण परस्परविरोधी. ''हळू!'' आणि ''अरे, थांबलास काय, घाल पुढे!'' यांत साधारण एक श्वासाचं अंतर असतं. दोन्ही पाळायचा प्रयत्न करू नका. पहिली पाळा.

नवरा किंवा बायको. नको.

मोठी बहीण चांगली. तिने स्वतः शिकताना खाल्लेली बोलणी तिला आठवत असतात, त्यामुळे ती निम्मीच बोलते. मित्र त्याहून शांत, पण तो मोबाइल बघत असतो. मागच्या सीटवर आजी असेल आणि ती मारुतिस्तोत्र म्हणत असेल तर म्हणू द्या. त्याची लय दुसऱ्या गिअरला छान जुळते.

जागा उरली आहे, तेव्हा थोडी गाडी. सपाट रस्त्यावर सगळ्यांनाच येते. कस लागतो तो चढावर थांबून पुन्हा निघताना. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, थोडी रेस द्या आणि क्लच इतका हळू सोडा की बॉनेट किंचित वर उचललेलं जाणवेल. तिथे पाय धरा. आता हँडब्रेक सोडा. गाडी मागे जात नाही. डावीकडचा माणूस या पाच सेकंदांत पाच वाक्यं बोलेल. त्यातलं एकही हाफ क्लचबद्दल नसेल. मागचा हॉर्न वाजवेल, त्याने तुमचा क्लच लवकर सुटणार नाही. अरुंद घाटात समोरासमोर आल्यावर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं आणि उतरणाऱ्याने थांबायचं, असा नियम आहे. तुम्ही चढत असाल तर तो लक्षात ठेवा, पण उतरणाऱ्याला तो ठाऊक आहे असं धरून चालू नका. इंडिकेटरचंही तसंच. डावीकडचा दिला की मागची दुचाकी डावीकडूनच घुसते. तरी द्या. आरशात बघा, मग वळा.

लर्निंग लायसन हातात आल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. लर्निंगची मुदत ६ महिने, तेवढ्यात ती उरकायची. कुठे आठ काढायला लावतात, कुठे इंग्रजी एच, कुठे रिव्हर्स घेऊन गाडी लावायला सांगतात. यातलं काही अवघड नाही. अवघड आहे ते शेजारी बसलेले निरीक्षक साहेब. हा डावीकडचा पहिला माणूस, जो काहीच बोलत नाही. 'हळू' नाही, 'घाल पुढे' नाही, मॅटवर पाय नाही. या शांततेने भलेभले गडबडतात आणि न्यूट्रलमध्ये रेस देत बसतात. नापास झालात तर ७ दिवसांनी पुन्हा परीक्षा देता येते. मधल्या काळात कोणाला तरी शेजारी बसवून गप्प राहायला सांगा. घरात असं कोणी मिळेल याची खात्री मात्र देता येत नाही.

शेवटची सूचना पास झालेल्यांसाठी. ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांना दहावी पास असावं लागतं आणि गाठीला ५ वर्षांचा अनुभव असावा लागतो. घरच्या गाडीत शेजारी बसून शिकवणाऱ्याला फक्त चालू लायसन लागतं. ते किती जुनं असावं, याची अट नाही. पोस्टाने तुमचं कार्ड काल आलं असेल आणि भाच्याने लर्निंग काढलं असेल, तर उद्या सकाळी तुम्ही त्याच्या डावीकडे कायदेशीरपणे बसू शकता. हँडब्रेक तुमच्या उजव्या हाताला असेल.