एजंटसाहेब, टोकनआधी एक विनंती

आदरणीय एजंटसाहेब,


घोडबंदर रोडवरच्या त्या टू बीएचकेसाठी आज संध्याकाळपर्यंत टोकन टाका, नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे, असा आपला निरोप पोचला. ही दुसरी पार्टी फार सोशिक असावी. गणपतीपासून आम्ही पाहिलेल्या प्रत्येक फ्लॅटमागे ती तयार उभी आहे आणि अजून बिचारीला एकही घर मिळालेलं नाही.

आपल्या निःपक्षपातीपणाचं तर आमच्या घरात सर्वांनाच कौतुक. मालकाला मुलीच्या शिक्षणासाठी पैशांची निकड आहे, हे आपण आमच्या कानात सांगितलंत. बँकेने आम्हाला किती कर्ज मंजूर केलंय, हे मालकाच्या. दोन्हीकडून दोन-दोन टक्के घ्यायचे म्हणजे दोन्ही कानांना समान न्याय हवाच. सरकारला ही रीत जमली नाही. घर कितीही कोटींचं असो, दस्ताचं नोंदणी शुल्क ते ३०,००० रुपयांच्या वर नेत नाही. आपल्या टक्क्यांना असली कोती मर्यादा नाही.

येऊरचा डोंगर आपण हॉलच्या खिडकीतून दाखवलात, किमतीत धरूनच. मेट्रो ४ चे खांब दाखवलेत, किचनच्या ट्रॉल्या ओढून दाखवल्यात. फक्त भोगवटा प्रमाणपत्र दाखवायचं राहिलं. ‘ओसी येईल हो, अख्खी सोसायटी राहतेय की!’ हे आपलं उत्तर आम्हाला पटलं होतं. पण बँकेचा वकील रूक्ष माणूस. त्याला ओसी लागते, मालकाच्या कराराची इंडेक्स टू लागते, शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीची एनओसीही लागते. नऊशे फूट सुपर बिल्टअपमध्ये कार्पेट किती, हेही त्यानेच विचारलं. आम्ही टेप लावला तर सहाशेही भरेनात. उरलेले फूट जिन्यात, लॉबीत आणि आपल्या बोलण्यात असावेत.

शेजारच्या नव्या टॉवरमध्ये ‘वीस टक्के भरा, ॲग्रीमेंट मागाहून करू’ म्हणालात. रेरा कायद्याचं कलम १३ इथे आडवं येतं: करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत. अशा प्रकल्पातलं घर विकणाऱ्या एजंटालाही महारेराची नोंदणी लागते, आणि तिचा नंबर ‘ए’ या अक्षराने सुरू होतो. आपल्या कार्डावर साईबाबा आहेत, दोन मोबाइल नंबर आहेत, ‘विश्वासाचं दुसरं नाव’ही आहे. हा नंबर बहुधा जागेअभावी राहिला.

तेव्हा ओसी आणि इंडेक्स टूची प्रत पाठवा. वकिलाने होकार दिला की त्याच दिवशी टोकन देऊ, चेकने आणि पावती घेऊन. ‘थोडे रोखीत’ म्हणाला होतात, ते मात्र जमणार नाही. आमचा पगार बँकेत जमा होतो, हे मालकाच्याही कानावर घाला.

आपला नम्र,
एक गिऱ्हाईक