ड्रिलकाका

सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं, की दूधवाल्याच्या आधी ड्रिलकाका दारात. "पडदे लावायचेत ना? मशीन आहे आपल्याकडे." परस्पर सुतार बोलावलात, तर ते मनाला लावून घेतात. आमच्या इमारतीतली निम्मी भोकं काकांनी पाडलेली आहेत. उरलेली, काकांची चुकली म्हणून शेजारी पाडावी लागलेली.

मशीन पुण्याच्या जुन्या बाजारातलं. बुधवारी नाहीतर रविवारी जायचं, विक्रेता सांगेल त्याच्या निम्म्यापासून बोलणी सुरू करायची आणि नामांकित मशीनच्या तिसऱ्या हिश्श्यात सौदा पटवून विजयी मुद्रेने यायचं. खोक्यावर '850 वॉट' असं ठळक छापलेलं. "कंपनीवाले नावाचे पैसे घेतात हो. आत काय, तारच ना!"

आत तारच असते, हे खरं. विटेच्या भिंतीत ती निभावूनही नेते. पण पडद्याची दांडी बसते खिडकीवरच्या आरसीसी बीममध्ये. तिथे बिट सळईला भिडतं, फेरे मंदावतात. आणि या मोटरचा स्वभाव असा, की फिरणं कमी झालं की ती करंट जास्त ओढते. करंट दुप्पट, तर वाइंडिंगमधली उष्णता चौपट. गार करणारा पंखाही त्याच शाफ्टवर, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी तोही गळपटलेला. बऱ्या मशीनमध्ये बिट अडकलं की क्लच घसरतो, काहींत आतलं सर्किटच मोटर थांबवतं. काकांच्या मशीनमध्ये दोन्ही नाही. अशा वेळी काका मशीनवर आणखी जोर देतात.

त्यांना समजवायला जाऊ नये. "घरात एमसीबी आहे की!" आता 16 अँपिअरचा एमसीबी भिंतीतली वायर राखायला असतो. एरवी तीन-चार अँपिअर घेणारं मशीन दहा-बारा ओढत जळून गेलं, तरी तो ढिम्म.

तेव्हा काकांच्या मशीनचं ओव्हरलोड प्रोटेक्शन म्हणजे काकू. त्या प्लगपाशी स्टूल टाकून बसतात. तापलेल्या इनॅमलचा वास ओळखण्यात त्यांचं नाक असं तयार झालंय, की आपल्याला काही कळायच्या आत बटण बंद.

"अहो, पुरे. वास आला."

"नवीन मशीनला येतोच गं थोडा!"

"दिवाळीपासून नवीनच आहे का ते?"

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे बीमचं काम निघालं आणि काकूंना नेमकी सर्दी झालेली. बीममध्ये अर्धं भोक, भोकात रुतलेलं बिट, बिटाला लोंबकळणारं मशीन आणि त्याच्या जाळीतून धूर. काका शिडीवरूनच म्हणाले, "व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे तुमच्याकडे."

रिवाइंडिंगवाल्याने मशीन उघडलं, हुंगलं आणि बाजूला ठेवलं. "काका, आर्मेचर गेलं, फिल्डही गेली. भरून देतो, पण तेवढ्यात नवं येईल." काकांना हे वाक्य फार आवडतं. "बघा, दुरुस्तीपेक्षा नवं स्वस्त!" अशी जुनी 'नवी' त्यांच्या माळ्यावर ओळीने पडलीयत. त्यांची बेरीज केली तर क्लचवालं चांगलं मशीन पेटीसकट आलं असतं, शिवाय काँक्रीटसाठी हॅमर भाड्याने आणायला पैसे उरले असते. पण बेरीज करायचीच नाही, हा काकांच्या हिशेबाचा पाया आहे. जळालेलं प्रत्येक मशीन त्यांच्या मते जळायच्या आधीच वसूल झालेलं असतं.

येत्या रविवारची वाट न पाहता त्यांनी बुधवारीच नवं आणलं. या खेपेला खोक्यावर वॉटच्या खाली 'ओव्हरलोड प्रोटेक्शन' असंही छापलेलं. ते दाखवायला काका मुद्दाम रिवाइंडिंगवाल्याकडे गेले आणि त्याच्याकडून ते उघडवून घेतलं. त्याने आत टॉर्च मारून पाहिलं. दोन वायरी, एक बटण आणि मोटर.

"काका, यात तसलं काही नाहीये."

"असं कसं?" काकांनी खोकं त्याच्या नाकासमोर धरलं. "एवढ्या मोठ्या अक्षरात छापलंय, ते काय फुकट छापून मिळतं?"