राणीसाहेब आरमार विसरल्या

डेनेरिस टार्गेरियन ही काही लहानसहान असामी नव्हे. विस्तवातून न भाजता बाहेर आलेली, तीन ड्रॅगन पोटच्या पोरांसारखे वाढवलेली, गुलामांची शहरंच्या शहरं सोडवलेली. तिची बिरुदं वाचून संपेपर्यंत समोरच्याचं निम्मं अवसान गळायचं. अशी ही राणी ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या आठव्या पर्वाच्या चौथ्या भागात ड्रॅगनवर बसून समुद्रावरून निघालेली असते. दिवसाउजेडी, स्वच्छ हवेत. तेवढ्यात कड्याआडून शत्रूचं अख्खं आरमार निघतं, अजस्र बाण सुटतात आणि उरलेल्या दोन ड्रॅगनांपैकी एक पाण्यात जातो. आभाळातून खालची जहाजं दिसली नाहीत. जहाजांवरच्यांना मात्र वरचा ड्रॅगन बरोबर टिपता आला.

हे झालं कसं, याचा खुलासा मालिकेच्या दोन कर्त्यांपैकी एक, डेव्हिड बेनिऑफ, यांनी भागानंतरच्या चित्रफितीत स्वतःच करून टाकला. डेनेरिस त्या आरमाराचं जरा विसरलीच, असं त्यांचं म्हणणं. बाजारातून येताना कोथिंबीर विसरावी, तसं. त्याच भागात, भर मसलतीत, तिच्या कानांदेखत त्या आरमाराचा विषय निघालेला होता, हे चाहत्यांच्या लक्षात होतं. लेखकांच्या नव्हतं.

विसरभोळेपणाची साथच होती बहुधा. त्याच भागातल्या मेजवानीत राणीसमोरच्या टेबलावर चित्रीकरणातला कुणाचा तरी कॉफीचा कागदी पेला राहून गेला. कॉफी चुकून आली, राणीने खरं तर हर्बल चहा मागवला होता, अशी मखलाशी मालिकेच्या वाहिनीने, एचबीओने, केली आणि दोन दिवसांत तो पेला संगणकाच्या मदतीने पुसूनही टाकला. आरमाराला पुसायची सोय नव्हती.

एक पेला राहिला, एक आरमार विसरलं, एवढ्यावरून जगभरची शहाणीसुरती माणसं इतकी का तापली? ड्रॅगन चालतात, मेलेली माणसं उठून लढलेली चालतात, मग आरमारानेच काय घोडं मारलं होतं? हा प्रश्न चाहत्यांना त्यांच्या घरच्यांनी पुष्कळदा विचारला आहे. उत्तर असं, की ही खोड मालिकेनेच लावली. १७ एप्रिल २०११ला ती सुरू झाली तेव्हा तिच्यात ड्रॅगन नावालाही नव्हते, हिशेब होता. राजा रॉबर्टच्या डोक्यावर साठ लाखांचं कर्ज, त्यातलं निम्मं सासऱ्याचं, आणि तरी शर्यती-सामन्यांना पैसे हवेत, अशी चर्चा दरबारात चालायची. अद्भुतकथेत अर्थसंकल्प! प्रेक्षकांना ते भलतंच आवडलं. राजाची स्वारी राजधानीतून विंटरफेलला येते तर तिला महिना लागतो. तिथला सरदार नेड स्टार्क सरळमार्गी, नको तिथे विश्वास टाकतो, तर नवव्या भागात त्याचं डोकं उडतं. पोस्टरवर सर्वांत मोठा चेहरा त्याचाच होता, याचं कुणालाही काही नाही. त्याचा मुलगा रॉब एकीला दिलेला शब्द मोडून दुसरीशी लग्न करतो आणि तिसऱ्या पर्वात पहिलीचा बाप वॉल्डर फ्रे एका लग्नाच्या मांडवातच त्याची पुरेपूर वसुली करतो. शब्द, कर्ज, अंतर, अपमान, काहीही फुकट जाणार नाही, हे प्रेक्षकाला चार वर्षं असं पढवलं गेलं. पुढे मालिका स्वतःच फुकटात खायला लागली, तेव्हा सर्वांत आधी याच पढवलेल्या मंडळींनी तिला पकडलं.

यातल्या अर्ध्या दोषाचे धनी जॉर्ज आर. आर. मार्टिन. कादंबरीमालिकेचा पहिला खंड १९९६चा. पाचवा जुलै २०११मध्ये, म्हणजे मालिकेचं पहिलं पर्व संपल्यावर, बाजारात आला. सहाव्याची वाट अजून चालू आहे. पहिल्या चार पर्वांत दरवर्षी एक भाग मार्टिन स्वतः लिहीत. पुढे तेही थांबलं. पाचव्या-सहाव्या पर्वापाशी मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली आणि बेनिऑफ आणि डी. बी. वाइस यांच्या हाती शेवटची काही ठळक स्थळं उरली. तिथवर जायचा रस्ता त्यांनाच बांधायचा होता. तोवर ते उत्तम गाडी हाकत होते, हे विसरून चालणार नाही. हाकायची मात्र तयार रस्त्यावर.

पण उरलेला अर्धा दोष या दोघांचाच, आणि तो मराठी प्रेक्षकाला समजावून सांगणं अंमळ कठीण आहे. आपली जन्माची तक्रार ही की वाहिनी मालिकेत पाणी घालते. मंगळसूत्राकडे हात गेला की ते तुटेपर्यंत दोन आठवडे. इथे सगळा उलटा कारभार. वाहिनी म्हणत होती, घ्या आणखी भाग, पैसे आम्ही देतो. आणि कर्ते म्हणत होते, नको, आटोपतो. पहिली सहा पर्वं दहा-दहा भागांची. सातवं सात भागांचं, आठवं सहाच. भाग लांबीला वाढले, पण ती लांबी लढायांनी खाल्ली. माणसांचं मन बदलायला जो वेळ लागतो, तो कुणी राखूनच ठेवला नाही.

वेळेचे हाल तर विचारूच नयेत. सातव्या पर्वाच्या सहाव्या भागात जॉन स्नो आणि त्याचे साथीदार भिंतीपलीकडे एका गोठलेल्या तळ्यात खडकावर अडकतात. भोवती मुडद्यांची फौज. गेंड्री धावत भिंतीवरच्या चौकीत पोहोचतो, तिथून कावळा निरोप घेऊन खंडाच्या दुसऱ्या टोकाला ड्रॅगनस्टोनला जातो, डेनेरिस निरोप वाचते, ड्रॅगनवर बसते आणि येऊन हजर. तोवर मंडळी खडकावर उभीच. चाहत्यांनी कावळ्याचा ताशी वेग काढला. दिग्दर्शक अॅलन टेलर यांनीही वेळेचं गणित जरा धूसर ठेवलं होतं, हे मोकळेपणाने मान्य केलं. पुढे मेलेल्या ड्रॅगनला तळ्यातून ओढून काढायला मुडद्यांकडे जहाजाला शोभतील असे साखळदंड निघतात. ते कुठल्या दुकानातून आले, हा विषय आजही दोन चाहत्यांमध्ये संध्याकाळ घालवायला पुरतो.

याच गेंड्रीची आधीची गोष्ट त्याहून मजेची आहे. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी डाव्होसने त्याला होडीत बसवून पाठवून दिलं आणि नंतर थेट सातव्या पर्वापर्यंत त्याचा पत्ता नाही. मधली सगळी वर्षं ‘तो बिचारा अजून वल्हवतोय’ हा चाहत्यांचा ठरलेला विनोद होता. लेखकांनी काय करावं? गेंड्री परत भेटला तेव्हा डाव्होसच्या तोंडी तोच विनोद घातला. चाहत्यांनी टाळ्या वाजवल्या खऱ्या, पण काहींच्या पोटात तेव्हाच गोळा आला असणार. लेखक प्रेक्षकांच्या विनोदांवर गुजराण करू लागले, म्हणजे घरातला शिधा संपत आला.

तसा तो संपलाही. टिरियन लॅनिस्टर हा या कथेतला सर्वांत तल्लख मेंदू. दुसऱ्या पर्वात त्याने नुसत्या डोक्याच्या जोरावर राजधानी वाचवली होती. शेवटच्या पर्वात मेलेल्यांना उठवणारा शत्रू चाल करून येतो, तेव्हा बायकापोरांना सुरक्षित म्हणून कुठे ठेवलं जातं? तळघरातल्या थडग्यांमध्ये! आणि हा बुद्धिमान माणूस मुकाट्याने त्यांच्याबरोबर तिथे जाऊन बसतो. बाहेर रणांगणावर दगडफेकीची यंत्रं पायदळाच्या पुढे मांडलेली, आणि घोडदळ मिट्ट काळोखात, समोर काय आहे ते न पाहता सोडलेलं. इतिहासाच्या पुस्तकापलीकडे लढाई न पाहिलेल्या माणसालाही हे बघून कसंनुसं झालं.

अर्थात, बघणं हा शब्द इथे सैल अर्थाने घ्यायचा. ‘द लाँग नाइट’ हा तो भाग. उत्तर आयर्लंडच्या थंडीत ५५ रात्री खपून चित्रित केलेला, ८२ मिनिटांचा, आणि इतका काळोखा की कोण कुणाला मारतंय याचा अंदाज ओरडण्याच्या आवाजावरून बांधावा लागे. तक्रारी आल्या तेव्हा छायालेखक फेबियन वॅगनर यांनी दोष लोकांच्या घरातल्या टीव्हीच्या मांडणीला दिला. महाराष्ट्रात या काळोखाला आणखी एक पैलू होता. अमेरिकेतली रविवार रात्र म्हणजे आपल्याकडची सोमवार सकाळ, साडेसहाची; हॉटस्टारवर भाग त्याच वेळी यायचा. हा भाग आला तो सोमवार २९ एप्रिल २०१९चा, मुंबई-ठाण्यात लोकसभेच्या मतदानाचा. सुट्टी होती, ही जमेची बाजू. पण एप्रिलअखेरचं ऊन आणि पातळ पडदे! चाहत्याला पडद्यावर सगळ्यात स्पष्ट दिसला तो स्वतःचाच चेहरा.

इथल्या लोकांची ओढ किती, याचा एक पुरावा पोलिसांच्या दप्तरीही आहे. ऑगस्ट २०१७मध्ये सातव्या पर्वाचा चौथा भाग प्रक्षेपणाआधीच फुटला, त्या प्रकरणात मुंबईत चौघांना अटक झाली होती. सहा वर्षांत पेपर फुटावा इतकी किंमत या कथेला आली होती. दोन वर्षांनी शेवटचं पर्व आलं, तेव्हा फुटलेला मजकूर वाचून कुणी विश्वासच ठेवीना. इतकं वाईट कसं असेल, हे खोटंच असणार, असं लोक एकमेकांना समजावत राहिले.

आणि गंमत पाहा, याच पर्वातला दुसरा भाग बहुतेकांना मनापासून आवडतो. ब्रायन कॉगमन यांनी लिहिलेला. त्यात घडत काहीच नाही. उद्या मरायचं आहे हे ठाऊक असलेली माणसं शेकोटीपाशी बसून बोलतात, पितात, आणि जेमी लॅनिस्टर ब्रिएनला सरदारकीची दीक्षा देतो. एकही ड्रॅगन न खर्चता डोळे पाणावतात. आठ वर्षं ज्या जेमीला इंचाइंचाने माणूस होताना पाहिलं, त्याची ती कमाई होती. दोनच भागांनंतर हा जेमी घोड्यावर बसून पुन्हा बहिणीकडे, सर्सीकडे, निघून जातो आणि तिच्यासकट विटांखाली गाडला जातो. तिकडे डेनेरिस शरणागतीच्या घंटा ऐकून शहर जाळायला घेते. ती अशी होणार याच्या खुणा आधीपासून पेरलेल्या होत्या, हे बचाव करणारे सांगतात, आणि ते खोटंही नाही. पेरलं होतं, उगवायला मात्र दोन भागांचा पाऊस दिला. त्यात २०१८ या एका वर्षात अमेरिकेत पाचशेहून जास्त मुलींचं नाव डेनेरिसच्या बिरुदावरून ‘खलीसी’ ठेवलं गेलेलं. त्या आईबापांची त्या रात्रीची मनःस्थिती हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

शेवटचा भाग भारतात २० मेच्या सकाळी दिसला. आदल्याच दिवशी लोकसभेच्या मतदानाचा शेवटचा टप्पा आटोपला होता; बोटाची शाई ओली नसली तरी ताजी होती. पडद्यावर वेस्टरॉसचे सरदार नवा राजा निवडायला बसलेले. सॅमवेल टार्ली चाचरत सुचवतो, की राजा सगळ्यांचा, तर मग सगळ्यांनीच निवडावा का? सरदार खो खो हसतात, एकजण घोड्यालाही विचारू म्हणतो. जगातली सर्वांत मोठी निवडणूक नुकतीच उरकलेल्या देशात हा प्रसंग फार वेगळ्या चवीने पाहिला गेला. मग साखळदंडातला कैदी टिरियन भाषण ठोकतो आणि नेडचा मुलगा ब्रॅन याच्याहून सरस कहाणी कुणाची नाही, म्हणून ब्रॅन राजा! ज्या ब्रॅनला पाचव्या पर्वात एकाही भागात जागा मिळाली नव्हती, त्याची कहाणी सर्वांत सरस. त्याची बहीण सान्सा उत्तरेचं स्वातंत्र्य मागते, तिला ते लगेच मिळतं. स्वातंत्र्यासाठीच डेनेरिसशी करार केलेली यारा ग्रेजॉय शेजारीच बसलेली. तिलाही काही आठवत नाही. डेनेरिसला मारणाऱ्या जॉनला तिच्या सेनापतीच्या, ग्रे वर्मच्या, समाधानासाठी हद्दपार करतात, आणि तो ग्रे वर्म स्वतःच जहाजात बसून कायमचा निघून जातो. मग जॉनने भिंतीकडे जायचं ते कुणाच्या धाकाने? धाक कुणाचाच नाही. कथा संपवायची होती, म्हणून तो गेला.

आठवं पर्व ‘लायक लेखकांकडून’ नव्याने करून घ्या, या मागणीवर १५ लाखांहून जास्त सह्या झाल्या. सान्सा झालेल्या सोफी टर्नरला हा सगळ्यांच्या मेहनतीचा अपमान वाटला. तिचंही बरोबर, ५५ रात्री चिखलात सह्या करणारे उभे नव्हते. या पर्वाला एमीची ३२ नामांकनं मिळाली आणि सप्टेंबरमध्ये १२ पारितोषिकं, सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचंही. लेखनाचं नामांकन होतं, ते मात्र ‘सक्सेशन’ घेऊन गेली. चाहत्यांनी त्या एका पराभवावर कित्येक दिवस समाधान मानलं.

पुन्हा नाव घेणार नाही म्हणालेले हेच लोक ऑगस्ट २०२२मध्ये ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ ही पूर्वकथा सुरू होताच पहिल्या रांगेत होते. यावेळी तर ही कथा पुस्तकात पूर्ण लिहिलेली, २०१८च्या, मग कसली भीती? पहिलं पर्व दहा भागांचं झालं. २०२४मधलं दुसरं आठ भागांचं, आणि ज्या लढाईची वाट पाहायची तिच्या उंबरठ्यावर आणून सोडलेलं. चाहते भाग मोजू लागले. दुधाने पोळलेली जात. पण त्या वर्षीची सर्वांत कडवट तक्रार त्यांची नव्हतीच. सप्टेंबरमध्ये खुद्द मार्टिन यांनी ती जाहीर लिहिली: पुस्तकातला मेलोर नावाचा एक लहानगा राजपुत्र मालिकेतून गाळला आहे, आणि तो नसला की पुढचा कुठला प्रसंग ढासळतो, त्यावरचा कुठला, याची साखळी त्यांनी कडी न कडी उलगडून दाखवली. थोड्याच वेळात तो मजकूर काढूनही टाकला. तेवढ्या वेळात जगभरच्या चाहत्यांनी तो वाचला, माना डोलावल्या, म्हातारा आपल्यातलाच निघाला म्हणाले, आणि लगेच विचारलं, की हे सगळं लिहायला सवड आहे, तर मग सहाव्या खंडाचं काय झालं?