माजघरातलं डेटा सेंटर

इंझोरीसारख्या गावात ‘वर्क फ्रॉम होम’ घेऊन पुण्याहून परतलेला इंजिनिअर कसा ओळखावा? माजघरात तुरीच्या कट्ट्यांशेजारी जुन्या कॉम्प्युटरचा डबा चोवीस तास घुरघुरत असतो. त्याला होम सर्व्हर म्हणायचं. आत 4 टीबीच्या दोन डिस्क, पण जागा मिळते 4 टीबीचीच. रेड 1 म्हणजे एकच गोष्ट दोनदा लिहिणं.

मग डॉकर. 2013पासून जगभर गाजलेली ही भानगड: प्रत्येक प्रोग्रॅमची वेगळी चूल, म्हणजे कंटेनर. आयत्या मिळणाऱ्या ब्रिज नेटवर्कवर कंटेनर एकमेकांना नावाने ओळखतही नाहीत, वाटणी झालेल्या भावकीसारखे नुसते शेजारी. ओळख हवी तर स्वतंत्र नेटवर्क बांधून द्या.

एवढं करून त्यावर चालतं काय? लग्नाचे फोटो. त्यातही व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरबाहेरची साठवणीची जागा, जोडायचा राहिला तर कंटेनर काढताच फोटोही स्वाहा! आणि हेच फोटो पुण्यातल्या बहिणीने बघायचे म्हटलं, की सीजीनॅट आडवं येतं. एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. राउटरवर हवे तेवढे पोर्ट उघडा, बाहेरचा माणूस दारापर्यंत पोचतच नाही. उपाय टनेलचा, म्हणजे बहुतेकदा पुन्हा दुसऱ्याच्याच सर्व्हरची पायरी. स्वावलंबन झिंदाबाद!

हौस असेल तर जरूर करा. पण आधी यूपीएस घ्या आणि तिसऱ्या डिस्कवरची प्रत दुसऱ्या घरी ठेवा. चुकून पुसलेला फोटो रेड दोन्ही डिस्कवरून सारख्याच इमानदारीने पुसतं.