चारचौघांत फ्यूज कसा बदलावा

गाडीचा फ्यूज एकांतात उडत नाही. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि मागच्या सीटवर सासरेबुवा असा योग जुळून आला, की मगच तो उडतो. आमचा ताम्हिणी घाटात उडाला आणि हॉर्न मुका झाला. अशा वेळी वळण सोडून, सपाट जागा बघून गाडी कडेला घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत, हँडब्रेक ओढावा आणि इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवावी. खिसा स्वतःचा असावा. किल्ली मुलांकडे ‘जरा धरायला’ देऊ नये.

आता डबा शोधायचा. साधारणपणे गाडीत दोन असतात. एक स्टिअरिंगखाली गुडघ्यापाशी, झाकणाआड. दुसरा बॉनेटखाली, बॅटरीशेजारी, काळा. कुठल्या खणात कोणाचा फ्यूज, हे झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. मॅन्युअल ग्लव्ह बॉक्समध्ये पीयूसीच्या जुन्या कागदांखाली सापडतं, बहुधा अजून पिशवीतच. खालचा डबा बघायचा तर डोकं पेडलपाशी आणि पाय दाराबाहेर असं आसन घालावं लागतं. याच आसनात असताना एखादा दुचाकीवाला थांबून ‘काय झालं?’ विचारतो. ‘काही नाही’ म्हणावं. पटत नाही, पण जातो.

फ्यूज रंगावरून ओळखतात: लाल दहा अँपियरचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा, हिरवा तीसचा. आकडा डोक्यावरही असतो. डब्यातच एक प्लास्टिकचा चिमटा अडकवलेला असतो. त्याने फ्यूज सरळ वर ओढावा. बायकोचा भुवयांचा चिमटा मागू नये; तो धातूचा असतो, आणि शिवाय तिचा असतो. फ्यूज उजेडात धरला की आतली बारीक पट्टी दिसते. ती तुटलेली किंवा काळवंडलेली असेल तर गुन्हेगार मिळाला. एअरबॅगच्या फ्यूजला आणि बोल्टने आवळलेल्या मोठ्या फ्यूजना हात लावू नये. तिथे आपलं शौर्य संपतं.

इथे सासरेबुवा उतरतात. आप्पांनी उभ्या हयातीत चिनीमातीचे किटकॅट फ्यूज तारेचे वेढे घालून बांधलेत, त्यामुळे सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवायचा सल्ला येणारच. नम्रपणे नकार द्यावा. पंधराच्या जागी तीसचा बसवायलाही तोच नकार. करंट वाढला की आधी आपण वितळायचं आणि वायर वाचवायची, एवढीच फ्यूजची नोकरी. त्याच्या जागी न वितळणारं काही बसवलं, तर तापायची पाळी वायरवर येते. आणि वायर डॅशबोर्डच्या आत, कार्पेटखाली, आप्पांच्या सीटखालूनही गेलेली असते. हे शेवटचं मी त्यांना सांगितलं. ते पुऱ्यांकडे वळले.

जादा फ्यूज काही गाड्यांत झाकणातच खोचलेले असतात. आमचा निळा मागच्याच महिन्यात खर्ची पडला होता. भाचीने चार्जरच्या सॉकेटात हेअरपिन घातली, फ्यूज उडाला. मी नवा बसवला, तोही लगेच उडाला, कारण पिन आतच होती. नवा फ्यूजही उडाला तर तिसरा शोधू नये, शॉर्ट कुठे आहे ते शोधावं. आणि ते वायरिंगमध्ये असेल तर इलेक्ट्रिशियनला.

जादा नसेल तर तेवढ्याच अँपियरचा फ्यूज कमी गरजेच्या जागेवरून उसना घेता येतो. हेडलाइट, वायपर, ब्रेक यांच्याकडे बघूही नये. आमच्या गाडीत हॉर्न पंधराचा आणि चार्जरही पंधराचा. मोबाइल मुलीचा चार टक्क्यांवर, भाचीचा सात. मी चार्जरचा निळा उपटून हॉर्नच्या खणात शेवटपर्यंत दाबून बसवला, झाकण लावलं, हॉर्न दाबून पाहिला.

पुढे माणगावपर्यंत प्रत्येक वळणावर तो खणखणीत वाजला. गाडीत दुसरा आवाज नव्हता.