अनंताची मनधरणी

घरातल्या इतर कुंड्यांबद्दल माणसं मोकळेपणाने बोलतात. मनीप्लांट माजलाय, तुळशीला मंजिऱ्या फार आल्यात, कोरफडीची पिल्लं कोणाला हवीत का, वगैरे. अनंताचा विषय निघाला की आवाज आपोआप खाली येतो. 'या वेळी कळ्या धरल्यात' हे वाक्य शेजारणीच्या कानाशी जाऊन सांगायचं असतं. त्याने ऐकलं तर गाळून टाकेल, अशी पक्की समजूत. एरवी अंधश्रद्धेविरुद्ध तावातावाने बोलणारी माणसंसुद्धा कळ्या धरलेल्या अनंतासमोर जीभ चावतात.

आणि तो गाळतोच. मे महिन्यात सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडीच्या बाजूला जा. रोपवाटिकांच्या रांगेत अनंत असा काही उभा असतो की पाकिटातला हात आवरत नाही. गर्द हिरवी, तकतकीत पानं आणि शेंड्याशेंड्याला कळी. ही कळी जवळून बघावी. खाली उभ्या धारा असलेली हिरवी नळी, तिच्यातून वर आलेल्या लांब, टोकदार पात्या आणि आत पांढरट-हिरव्या पाकळ्या एकमेकींना पीळ घालून घट्ट बसलेल्या. पीळ सैल पडू लागला की उद्या-परवा फूल. हे सगळं स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये धरून, वारा लागू न देता, घरी आणायचं. गॅलरीत सगळ्यात चांगली जागा द्यायची. आठवड्याभरात कळ्या देठाशी पिवळ्या पडतात आणि हात न लावताही टपकन खाली येतात.

मग घरात चौकशी आयोग बसतो. पाणी कोणी जास्त घातलं? कपडे वाळत घालताना धक्का कोणाचा लागला? संशयाची सुई हमखास ज्याला झाडांची आवड नाही त्याच्यावर थांबते. खरं तर कोणी काही केलेलं नसतं. जागा बदलली, एवढंच पुरतं. उजेड बदलला, हवा कोरडी झाली, माती एकदा वाळली किंवा एकदा चिखल झाला, रात्र अचानक उकडली, यातलं काहीही अनंताला चालत नाही. पंगतीत पाट बदलला म्हणून हात आखडून बसणाऱ्या व्याह्याची जात ही. त्याला विनवण्या करून उपयोग नसतो, उलट तो जास्तच फुगतो. एक जागा ठरवायची. सकाळचं चार तास ऊन, दुपारी सावली. मग त्या कुंडीला हात लावायचा नाही. दिवाळीची साफसफाई आली तरी नाही, आजोबांना उन्हात खुर्ची टाकायची असली तरी नाही. आजोबा समजून घेतात, अनंत घेत नाही.

खरेदी करताना मात्र एक खात्री करून घ्यावी, कारण पुष्कळांच्या घरी जो अनंत म्हणून वाढतोय तो डबल तगर असतो. लांबून दोन्ही पांढरी, भरगच्च फुलं, दोन्हींची पानं चकचकीत. पान देठाशी मोडून बघायचं. पांढरा चीक आला तर तगर, नाही आला तर अनंत. हा प्रयोग रोपवाटिकेच्या मालकासमोर करू नये. ज्यांच्याकडे तगर निघाला त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. ते बिचारं कुठेही फुलतं, कोणावर रुसत नाही, आणि त्याचमुळे त्याला कोणी विचारत नाही.

आता मातीबद्दल, कारण खरी मेख तिथे आहे. कोकणात, गोव्यात अनंत कोणी 'वाढवत' नाही. तो असतो. विहिरीजवळ, न्हाणीच्या मागे, माणसाच्या उंचीच्या वर गेलेला, आणि पहाटे पोरीबाळी परडीभर फुलं काढून नेतात. जांभ्या दगडाची लाल माती आम्लधर्मी, पाऊस धो धो, हवेत कायम ओल. अनंताला हवं ते सगळं फुकटात. घाट चढून देशावर आलं की चित्र पालटतं. इथली काळी माती चुनखडीची, अल्कधर्मी. त्यात सोसायटीला बोअरचं पाणी, ज्याने बादलीच्या कडेला पांढरे थर बसतात. तेच थर कुंडीत बसतात. मग पानं पिवळी पडायला लागतात, आणि तीही मोठ्या थाटात: पान पिवळं, पण शिरा हिरव्या, जणू कोणी बारीक कुंचल्याने रेखाटल्या. मातीत लोह नसतं असं नाही. असतं, पण अल्कधर्मी मातीत ते मुळांना घेता येत नाही. अनंताला मातीचा सामू 5 ते 6 च्या दरम्यान लागतो. पुण्यातल्या कुंडीत तो सहज साडेसात-आठच्या घरात जातो.

यावर प्रत्येक घरात एक उपाय असतो आणि तो ठामपणे सांगितला जातो. कोणी गंजलेले खिळे पुरतं. गंज पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे अनंताला त्यातून काही मिळत नाही; वर्षभराने माती बदलताना बोटाला खिळा तेवढा लागतो. कोणी ताक घालतं. पातळ ताकाने फार बिघडत नाही, फार सुधारतही नाही, चिलटं मात्र येतात. चहाचा चोथा धुऊन घातला तर चालतो. साखरेसकट घातला तर मुंग्यांची सोय होते. खरा उपाय जुनाच आहे, हिराकस. लिटरभर पाण्यात चिमूटभर, महिन्यातून एकदा, आणि मातीतच निम्मं कोकोपीट, पानांचं कुजलेलं खत. पावसाचं पाणी बादलीत धरून ठेवलं तर त्याहून उत्तम. कोकणातली आत्या पुण्यात आली की हे सगळे सोपस्कार बघून हसते. तिने हसावं, तिला तो अधिकार आहे.

खऱ्या अर्थाने घरातलं झाड म्हणून अनंत वाढवायचा तर तो थंड देशातल्या मराठी माणसांनी. माझी एक भाची न्यू जर्सीत असते. तिथल्या दुकानात हा गार्डेनिया चकचकीत कागदात गुंडाळून, कळ्यांसकट मिळतो. दरवळ आठवून तिने घेतला, खिडकीत कढीपत्त्याशेजारी ठेवला. थंडीत घरं तापवली की आतली हवा इतकी कोरडी होते की माणसांचे ओठ फुटतात, अनंताने काय करावं? कुंडीखाली पसरट ताटलीत खडे आणि पाणी ठेवलं, म्हणजे झाडाच्या आसपास जरा दमटपणा राहतो. हीटरच्या झोतापासून लांब सरकवलं. पण कळ्या धरायला रात्री 15 ते 18 अंशांचा गारवा लागतो, आणि तिचा नवरा नागपूरचा. त्याला चोवीसच्या खाली घर चालत नाही. शेवटी अनंताला पाहुण्यांच्या न तापवलेल्या खोलीत हलवलं. कळ्या अर्थात गळल्या, पण पुढच्या खेपेला नव्या आल्या. आता हिवाळ्यात तिथे पाहुणे येत नाहीत, हा वरचा फायदा.

फूल आल्यावरही जपणूक संपत नाही. पहिल्या दिवशी शुभ्र, दुसऱ्या दिवशी मोतिया, मग सरळ पिवळट, आणि सुकलं तरी गळून पडत नाही, तपकिरी होऊन फांदीला धरून राहतं. गाळायला नको त्या कळ्या गाळणार, आणि गाळायला हवं ते धरून ठेवणार! पाकळीला बोट लागलं की थोड्या वेळाने तिथे डाग उमटतो, म्हणून देवाला वाहताना आणि अंबाड्यात खोचताना देठालाच धरावं.

या सगळ्या नखऱ्याला शोभेल असं कुळही आहे. अनंत कॉफीच्या कुटुंबातला. सख्खं भावंड मात्र वेगळंच निघतं: डिकेमाली. आजीच्या बटव्यातली, लहान मुलांच्या जंतांवर देतात ती. तिच्या कोवळ्या शेंड्यांतून पाझरणाऱ्या त्या डिंकाची पुडी उघडली की खोलीतली माणसं बाहेर जातात. एकाच वंशात एकाच्या वासाला माणसं जमतात आणि दुसऱ्याच्या वासाला पांगतात. एकेरी फुलांच्या अनंताला नारिंगी फळं धरतात आणि त्यांत क्रोसिन हे रंगद्रव्य असतं, तेच जे केशरात असतं. जपानमध्ये मुळ्याचं लोणचं पिवळं करायला ही फळं वापरतात. आपल्या दुहेरी अनंताला सहसा फळ धरत नाही, तेव्हा केशराचे पैसे वाचवायचा विचार कोणी करू नये.

फळ नाही म्हणजे बी नाही, आणि म्हणून सगळी भिस्त फांदीवर. ही कटकट आजची नाही. अठराव्या शतकाच्या मध्यात एका जहाजाच्या कप्तानाने केप ऑफ गुड होपहून हे झाड इंग्लंडला नेलं आणि वुडफर्डच्या रिचर्ड वॉर्नर नावाच्या हौशी गृहस्थाला दिलं. झाड मूळचं चीनचं, पण आलं केपहून, म्हणून लोक त्याला केपची जाई म्हणू लागले. वॉर्नरकडे ते मजेत फुललं. त्याचं दुसरं रोप मात्र वॉर्नरला काही केल्या होईना. शेवटी लंडनजवळच्या माइल एंडच्या जेम्स गॉर्डन नावाच्या रोपवाटिकावाल्याने फांद्या लावून दाखवल्या. नाव मिळालं तिसऱ्यालाच. अमेरिकेत चार्ल्सटनला राहणारे स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर गार्डन यांच्या सन्मानार्थ, त्यांचे मित्र जॉन एलिस यांच्या खटपटीने, 1761 मध्ये हा वंश गार्डेनिया झाला. झाड एकाने सांभाळलं, फांदी दुसऱ्याने लावली, बारसं तिसऱ्याच्या नावाने. आपल्याकडच्या सार्वजनिक कार्यक्रमांची सवय असलेल्याला यात नवल वाटणार नाही.

गॉर्डनने काय केलं असेल ते आज कोणीही आषाढात करू शकतो. फांदी निवडणं हीच अर्धी लढाई. अगदी कोवळी, लुसलुशीत नको, ती कुजते. जून, तपकिरी सालीची नको, ती ढिम्म बसते. मधली हवी: वाकवली तर आधी वाकते आणि जास्त वाकवली की कट्कन मोडते. वीतभराहून थोडी कमी, पेराच्या लगेच खाली तिरकी कापायची. खालची पानं काढायची, वरची निम्मी कातरायची, आणि कळी असेल तर ती खुडायची. हे शेवटचं कोणी करत नाही. 'एवढी आलीय तर राहू दे' म्हणतात, आणि फांदी सगळी ताकद त्या एका कळीपायी घालवून वाळते. निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट, मुळं फुटायची पावडर असली तर चिमूटभर, वर अर्धी कापलेली पाण्याची बाटली पालथी, आणि सावली. चार ते आठ आठवडे लागतात. या काळात एकच पथ्य: उपटून बघायचं नाही. मुळं फुटलीत का हे रोज उपटून तपासणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांची एकही फांदी लागलेली पाहिली नाही.

फांदी वाळायची धास्ती असेल त्याने गुटी बांधावी. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची बोटाच्या पेराएवढी साल गोल काढायची, खरवडून साफ करायची, ओलं शेवाळ लपेटायचं, वरून प्लास्टिक, दोन्ही टोकांना सुतळी. फांदी आईच्याच अंगावर, जेवणखाण चालू, त्यामुळे मरायची भीती कमी. दोनेक महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. मग खाली कापून कुंडीत. गुटी बांधलेल्या झाडाला बघून येणारा जाणारा 'याला काय लागलं हो?' असं काळजीने विचारतो, तेवढं सहन करावं.

फांदी लागण्याबद्दल आपल्याकडे दोन सिद्धांत आहेत. एक, हाताचा. 'तिच्या हाताला झाड लागतं' हे बाईच्या गुणांत सुगरणपणाच्या खालोखाल मोजलं जातं. दुसरा, चोरीचा: विकत आणलेलं जगत नाही, मागून आणलेलं जगतं, आणि चोरून आणलेलं तर हमखास. मला दुसऱ्यात तथ्य वाटतं, आणि त्याचं श्रेय चोरीला द्यायची गरज नाही. चोरायला जो हात जातो तो भरात असलेल्या झाडाकडेच जातो. कार्यक्रम बहुधा पावसाळ्यात होतो, कारण तेव्हाच फांद्या कुंपणाबाहेर येतात. चोरटा घाईत शेंड्याची लहान फांदी मोडतो, आणि घरी कोणाला कळू नये म्हणून ती मागच्या बाजूला, सावलीत, गुपचूप लावतो. चार लोकांना दाखवता येत नाही, म्हणून रोज हलवतही नाही. शेतकी कॉलेजातसुद्धा याहून वेगळं काय शिकवतात?

पण अनंताच्या बाबतीत चोरीची वेळ येऊ नये, कारण हे झाड एका घरात फार दिवस खात्रीने टिकत नाही. पिठ्या ढेकूण लागतो, बदली होते, सोसायटीचं वॉटरप्रूफिंग निघतं आणि सगळ्या कुंड्या महिनाभर जिन्यात जातात. ज्यांनी दोन-तीन घरी रोपं देऊन ठेवलेली असतात त्यांचाच अनंत पुन्हा परत येतो. तेव्हा ज्यांच्याकडे अनंत आहे त्यांनी येत्या आषाढात स्वतःपुरत्या लावतील त्याहून दोन फांद्या जास्त लावाव्यात. ज्यांच्याकडे नाही त्यांनी लाज न बाळगता मागाव्यात. आणि दिलेल्या रोपाला फूल आलं का, असं पहिल्याच वर्षी फोन करून विचारू नये. फांदीपासून केलेला अनंत बहुधा दुसऱ्या वर्षी फुलतो, कधी तिसऱ्या.