पडद्याच्या अलीकडचे भाऊजी

आमचे भाऊजी फ्रँकफर्टला राहतात आणि एरवी माणूस अत्यंत काटकसरी. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या साठवून, पिशवी खांद्याला लावून दुकानातल्या यंत्रापाशी जातील आणि बाटलीमागे २५ सेंट मोजून परत घेतील. पण व्हिएन्नाला जायचं, म्हणजे विमानाने जेमतेम सव्वा-दीड तास, तर स्वारी बिझनेस क्लासने!

"पैसे नाहीत रे, माइल्स आहेत," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. कंपनीच्या खर्चाने मुंबईच्या फेऱ्या मारून साठलेले हे माइल्स मुदतीत वापरले नाहीत तर बाद होतात. आणि आपल्या हक्काचं काही बाद होणार म्हटलं की भाऊजींना झोप लागत नाही.

आता या क्लासमध्ये असतं काय? आपल्याकडे मुंबई-दिल्ली विमानात पुढे एका रांगेत चारच ऐसपैस खुर्च्या असतात. युरोपातल्या युरोपात उडताना तसं काही नाही. मागे असतात त्याच सहा खुर्च्या पुढे, रुंदीही तीच. फक्त तिघांतली मधली रिकामी ठेवायची आणि शेवटी एक पडदा ओढायचा. तिकिटं खपतील तसा हा पडदा मागेपुढे सरकतो. म्हणजे सकाळी ज्या खुर्चीत एखादं कॉलेजचं पोरगं मांडीवर सँडविच घेऊन बसलेलं असतं, तिलाच दुपारी प्रतिष्ठा येते. हे मला भाऊजींनीच समजावून सांगितलं, तेही अभिमानाने. साताऱ्याच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात ज्याचं लहानपण गेलं, त्याच्यासाठी आज एक अख्खी विमान कंपनी शेजारची जागा धरून ठेवते, यातलं सुख मागच्या लोकांना काय कळणार!

वसुली विमानतळावरच सुरू होते. त्या दिवशी घरी जेवायचं नाही, हा नियम. दोन तास आधी लाउंजमध्ये शिरायचं. सूप, बटाट्याचं सॅलड, ब्रेत्सेल, कॉफी, मग "बघू तरी कसं आहे" म्हणून पुन्हा सूप. सामानाला ३२ किलोंच्या दोन बॅगांची मुभा आणि यांच्या हातात एक लहानशी बॅग. त्या उरलेल्या किलोंची हळहळ ते गेटपर्यंत करत असतात.

बसल्याबरोबर मधल्या खुर्चीवर कोट, पेपर आणि चष्म्याचं घर मांडलं जातं. हवाई सुंदरी येऊन सगळं उचलायला लावते. पट्ट्याचा दिवा विझला, की मांडामांड पुन्हा पहिल्यापासून. खिडकीशी बसलेले जर्मन आजोबाही हळूच आपलं पुस्तक त्याच खुर्चीवर सरकवतात आणि मग कोट आणि पुस्तक यांचा एक शांत सीमावाद सुरू होतो.

मागच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा आम्ही तिघं मिळून निघालो. माइल्स एकापुरतेच होते. भाऊजींनी ताईला आग्रह केला, अगदी मनापासून. ती म्हणाली, "दीड तासासाठी? तुम्हीच बसा मिरवत." योगायोगाने पडदा नेमका आमच्यामध्ये पडला. पुढे त्यांची रांग, मागे आमची. मधल्या फटीतून चिनी मातीची बशी, धातूचे काटे-चमचे, कापडी नॅपकिन असा सगळा थाट दिसत होता. लाउंजच्या दोन सुपांनंतर त्यांना खरं तर घासही जाणार नव्हता, पण "नको" म्हणण्याची प्राज्ञा नव्हती. विमान उतरायच्या आत सगळं आवरायचं म्हणून ट्रे न्यायची घाई चाललेली, आणि यांचं चीज अजून तसंच.

तेवढ्यात पडदा हलला. खालून एक हात आला. हातात चॉकलेट मूसची वाटी.

"घे गं, मी हात लावलेला नाही."

"अहो, लोक बघतायत."

"बघू देत. हक्काचं आहे."

ताईने वाटी घेतली आणि पर्समधून चिवड्याची पुडी काढून त्याच हातावर ठेवली. हात गडप झाला.

व्हिएन्नाला विमान लांब उभं राहिलं. भाऊजी पहिल्यांदा उतरले, पहिल्यांदा बसमध्ये चढले आणि दाराशी मोक्याची जागा धरून उभे राहिले. बस अर्थातच आमच्यासकट सगळा मागचा जनसमुदाय चढेपर्यंत हलली नाही. शिवाय तिकडे पोहोचल्यावर दार उघडलं ते पलीकडच्या बाजूचं.

आमच्यामागून बाहेर आल्यावर ताईने विचारलं, "चिवडा उरलाय का?"

"नाही. त्या आजोबांनी संपवला. मधल्या खुर्चीवरच ठेवला होता," भाऊजी म्हणाले. "म्हटलं, तिचा काही उपयोग तरी होऊ दे."